त्रिशलाचं मौन

मी पायरीवर चपला काढत होतो तेवढ्यात त्रिशला आतून आली, ओठांवर बोट ठेवलं आणि तळहात आडवा हलवला. आमच्या घरात ही खूण सगळ्यांना कळते. बाईंनी मौन धरलं होतं.

"आज?" मी म्हणालो. "आज काय आहे? ना पर्युषण, ना चतुर्दशी. निदान नवऱ्याला विचारायचं तरी!"

ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

माझ्या मागून माझा मुलगा शीतल आत आला आणि त्याच्या मागून सुकुमार, त्रिशलाचा धाकटा भाऊ. आम्ही तिघं मिरजेहून आलो होतो. माझा खोकला गणपतीपासून हटत नव्हता. फोटो काढून झाला, स्कॅन झालं, पाठीतून सुई घालून तुकडाही काढून झाला, आणि त्या दिवशी रिपोर्ट मिळाला. मिळाला म्हणजे त्या दोघांना मिळाला. मला बाकड्यावर बसवून दोघं डॉक्टरांकडे गेले. मग शीतल दुकानात फोन करायचा आहे म्हणून फाटकापर्यंत जाऊन आला, आणि दोघं हसत हसत माझ्यापुढं उभे राहिले.

"काय नाही दाजी," सुकुमार म्हणाला. "जुना डाग हाय. लहानपणी कधीतरी टीबी होऊन गेला असंल, त्याचा. पुण्यात एका मोठ्या डॉक्टरला दाखवू, बास."

मी सांगलीच्या हळदीच्या सौद्यात भाव पुकारायचं काम करत होतो. पोत्यांच्या थप्पीसमोर उभं राहायचं, भोवती व्यापारी जमतात, एकेक जण भाव वाढवतो आणि तो भाव आपण खणखणीत पुकारायचा. व्यापारी हळकुंड मोडून बघतो, आणि माल आवडला असेल तर हमखास तोंड वाकडं करतो, म्हणजे भाव चढायला नको. असली तोंडं वाचण्यात माझा उभा जन्म गेला. सुकुमारचं तोंड नेमकं उलटं होतं. माल किडका आणि चेहरा खूश.

पण मी काही बोललो नाही. एक तर मला भीती वाटत होती. आणि दुसरं म्हणजे, घरी जाऊन त्रिशलाला विचारलं की सगळं कळेल असं मी मनाशी ठरवलं होतं. तिला खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे ती बोलत नाही. लहानपणी मुनी महाराजांसमोर नेम घेतलाय आणि तो तिनं पाळलाय. तिच्या माहेरची माणसं तिला लग्न जमवायच्या बैठकीला कधी नेत नसत.

आणि नेमकं त्याच दिवशी तिनं मौन धरलं!

एक दिवस झाला, दोन झाले. मला वाटलं, सुटेल. सुटेना. ताट वाढून ती समोर बसायची, भाकरी संपत आली की दुसरी टाकायची, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, सगळं नेहमीसारखं, फक्त आवाज नाही. मी पाटी आणून दिली. "बोलू नको, लिही. ह्या दोघांनी तुला काय सांगितलंय माझ्याबद्दल?" तिनं पाटी घेतली, पुसली आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, तर तिचं नाव झालं. बायका मला वाटेत थांबवून सांगायच्या, "तुमच्या मंडळींनी मोठं व्रत घेतलंय हो. तुमच्या खोकल्यासाठीच असणार." मी मान डोलवायचो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्या दोघांनी तिलाही जुन्या डागाची गोष्ट सांगितली असणार, आणि बिचारी खोकला जावा म्हणून गप्प बसली असणार. मी मनात म्हटलं, बरं झालं. हिला न कळलेलंच बरं. तिच्या वडिलांना गळ्याचा कॅन्सर झाला होता. तिनंच त्यांची सेवा केली. ते गेल्यानंतर तिनं त्या रोगाचं नाव कधी उच्चारलं नाही. कुणाला झाला असं कळलं तर "त्यांना तसलं झालंय" म्हणायची आणि उठून जायची.

मला तसलंच झालं असावं असं मला वाटत होतं. पण वाटणं वेगळं.

पुण्याला आम्ही गाडी करून गेलो, चौघंही. हॉस्पिटल जवळ आलं तसा सुकुमार चुळबुळ करायला लागला. फाटकाशी उतरलो आणि या गृहस्थानं माझ्या तोंडासमोर छत्री उघडली.

"काय रे हे?"

"ऊन, दाजी."

आभाळ भरून आलेलं. ऊन औषधाला नव्हतं. दाराशी पोचेपर्यंत छत्री कधी डावीकडं, कधी उजवीकडं, जिथं जिथं पाटी दिसेल तिथं तिथं आडवी. आत गेल्यावर छत्री मिटावी लागली, तेव्हा तो स्वतःच आडवा उभा राहिला. भिंतीवर एक मोठा तक्ता होता, त्याच्यासमोर हात पसरून उभा. लोक बघत होते. मी तोवर फाटकावरची पाटी, औषधाच्या दुकानावरची पाटी आणि पार्किंगच्या पावतीवर छापलेलं नाव, सगळं वाचून मोकळा झालो होतो.

सगळीकडं त्याच रोगाचं नाव होतं. शेजारच्या बाकावर बसलो. त्रिशला माझ्या शेजारी बसली, हातात जपमाळ, नजर जमिनीवर. मी तिच्याकडं बघितलं आणि हसलो. म्हटलं, हिला काही कळता कामा नये.

डॉक्टरांचं नाव रुबीना मणेर. मूळची मिरजेची, पस्तिशीची बाई. शीतल आणि सुकुमार आधी आत गेले. दार पूर्ण लागलं नव्हतं. सुकुमारचा आवाज वाढत गेला.

"आम्ही सही करतो की मॅडम. घरचीच माणसं हाय आम्ही."

"फुप्फुस त्यांचं आहे ना? मग सही पण त्यांची."

"पण त्यांना कळलं तर ते हाय खातील. माणूस जागच्या जागी बसंल!"

"आणि न सांगता मी त्यांना या औषधाच्या चाचणीत घेऊ शकत नाही. आधी माणसाला सगळं सांगायचं, मग त्यानं ठरवायचं. नाहीतर आमच्यात नावच नोंदवता येत नाही."

"चाचणी म्हणजे प्रयोगच की! दाजी काय उंदीर हायत?"

डॉक्टर स्वतः उठून दाराशी आली. "मगदूम काका, या आत. एकटेच या." आणि त्या दोघांकडं वळून, "तुम्ही बाहेर बसा."

मी आत जाऊन बसलो. तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"काका, तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलंय?"

"जुना डाग."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"डागासाठी सुकुमार छत्री उघडत नाही, मॅडम."

तिला कळेना. मी छत्रीची हकिकत सांगितली. ती हसली, आणि मग हसायची थांबली.

"कॅन्सर आहे," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत तो शब्द माझ्यासमोर उच्चारणारी ती पहिली. विचित्र वाटेल, पण मला बरं वाटलं. भीती होतीच, पण आता ती कुणाशी तरी बोलता येणार होती.

"मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही," मी म्हणालो. "पण आता सगळे म्हणणार, चोरून ओढत असणार."

"म्हणू देत. तुमच्यातला जो प्रकार आहे ना, तो कधीच न ओढणाऱ्यांत जास्त सापडतो."

मग तिनं माझ्या शर्टावर डाव्या बाजूला बोट टेकवून दाखवलं. डाव्या फुप्फुसाचे दोन भाग, वरचा आणि खालचा. गाठ खालच्या भागात, पण पार मुळाशी, जिथून दोन्ही भागांना हवा जाते तिथं चिकटलेली. "आत्ता ऑपरेशन केलं तर डावं फुप्फुस अख्खं काढावं लागेल असं सर्जन म्हणतात."

"अख्खं गेलं तर पुकारता येईल?"

"काय?"

"सौद्यात भाव पुकारतो मी. सकाळपासून दुपारपर्यंत."

तिनं गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. "अख्खं गेलं तर जिना चढताना दम लागेल, काका. पुकारायचं विसरा."

ती पुढं सांगायला लागली. मिरजेत काढलेला तुकडा शीतलनं आधीच पुण्याला पोचवला होता आणि त्यांनी तो जनुकांच्या तपासणीला पाठवला होता. गाठ कशाच्या जोरावर वाढते आहे ते सापडलं होतं. एक बटण चालू राहिलंय म्हणा. नेमकं तेवढंच बटण बंद करणारी गोळी आहे. रोज एक. आजवर ती ऑपरेशन झाल्यावर द्यायचे. तीच गोळी आधी काही महिने दिली तर गाठ आकसते का, कमी कापून भागतं का, हे ते या चाचणीत तपासत होते.

"आणि नाही आकसली तर?"

"तर तेवढे दिवस फुकट गेले. त्या दिवसांत गाठ वाढूही शकते. मग ऑपरेशन आणखी अवघड होईल. कदाचित करताच येणार नाही."

"आतापर्यंत कुणाला गुण आला?"

"काहींना चांगला आला. तुम्हाला येईल का, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर तपासलं कशाला असतं?"

मला ही बाई आवडली. माल समोर मोकळा टाकला होता, आता भाव माझा मी ठरवायचा होता. गोळी नको म्हटलं तर लगेच ऑपरेशन, फुप्फुस अख्खं जाणार, पण गाठही जाणार. गोळी घेतली तर अर्धं वाचेल, नाहीतर सगळंच हातचं जाईल. मला माझा आवाज पाहिजे होता. जीव पण पाहिजे होता. दोन्ही पाहिजे होतं म्हणून मी "घेतो गोळी" म्हणालो.

"घाई नाही. दोन दिवस विचार करा."

"विचार करून हेच सांगणार. पण एक अट आहे. माझ्या बायकोला यातलं काही सांगायचं नाही."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "काका, या गोळीनं अंगावर पुरळ येतं. पोट बिघडतं. नखांच्या कडा दुखतात. आणि कधी अचानक दम लागला तर त्याच दिवशी मला फोन यायला पाहिजे. घरात दिवसभर तुमच्याजवळ असणाऱ्या माणसाला सगळं माहीत पाहिजे. कोण असतं दिवसभर?"

"तीच असते. पण तिचं काळीज नाजूक हाय मॅडम. तिच्या वडिलांना…"

ती उठली, दाराशी गेली आणि म्हणाली, "मावशी, आत या जरा."

त्रिशला आत आली. मी घाईघाईनं म्हणालो, "ती मौनात आहे मॅडम, तिला काही विचारू नका."

"विचारत नाही, सांगते. मावशी, काकांना मी सगळं सांगितलंय. रोगाचं नाव घेऊन."

त्रिशला आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. हातातली माळ तिनं पदरात ठेवली.

"खरंच?" ती म्हणाली. इतके दिवस न वापरल्यानं आवाज घोगरा झाला होता. "नाव घेऊन?"

"हो," मी म्हणालो.

"मग सुटले बाई," असं म्हणून ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

मी खुळ्यासारखा बघत होतो. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तुम्ही मिरजेतच होता तेव्हा शीतलचा फोन आला. म्हणाला, आई, अण्णांना कळू द्यायचं नाही, मामानं शपथ घातलीय. आता तुम्ही दारात आलात की पहिलं मलाच विचारणार. मला खोटं बोलवेना, आणि ही माणसं खरं बोलू देईनात. काय करू मी? मौन धरलं."

"अगं, बस्तीतल्या बायका तुझ्या पाया पडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या!"

"पडू देत. त्यात पुण्य काही नव्हतं." तिनं डोळे पुसले. "बाबांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडनं वचन घेतलं होतं. बाबा विचारायचे, त्रिशला, मी बरा व्हायला लागलोय नव्हं? मी म्हणायची, व्हय बाबा. तेवढं एकच खोटं मी जन्मात बोलले. त्यांनी ओळखलं होतं. शेवटी शेवटी माझ्याशी बोलायचेच नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडायचे. तुम्ही तसं भिंतीकडं तोंड केलेलं मला बघवलं नसतं."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "बरं, आता इथनं पुढं मला सगळं खरं सांगायचं."

"सांगेन. आणि तुम्ही पण."

"मी काय लपवलं?"

"आत्ता या मॅडमना काय सांगत होता? बायकोला सांगू नका म्हणून? दार उघडंच होतं, आणि तुमचा आवाज सौद्यातला."

डॉक्टर खिडकीकडं तोंड करून हसायला लागली. मग मीही हसलो आणि त्या हसण्यानं खोकल्याची अशी उबळ आली की सुकुमार घाबरून आत धावला. आत बघतो तर मी खोकतोय, त्रिशला डोळे पुसत हसतेय आणि वर बोलतेय. "अक्का, मौन मोडलंस?" तो ओरडला. त्याला तेवढंच दिसलं.

दोन दिवसांनी परत जाऊन मी सही केली. गोळी सुरू झाली.

डॉक्टरनं सांगितलं होतं ते सगळं झालं. तोंडावर, छातीवर पुरळ उठलं. पोट बिघडलं ते बिघडलंच. नखांच्या कडा अशा दुखायच्या की शर्टाचं बटण लावायला शीतलला हाक मारावी लागायची. सौद्यात गेलो तर हमाल, अडते, व्यापारी, प्रत्येक जण पुरळ बघून एकच औषध सांगायचा: हळद लावा. आजूबाजूला हळदीचे डोंगर, त्यामुळं बोलणाऱ्यांचं काय चुकलं म्हणा. त्रिशला मात्र डॉक्टरनं दिलेलं मलम सोडून दुसरं काही तोंडाला लावू देत नव्हती.

मी रोज तिला विचारायचो, "कसा दिसतोय?"

"वाईट," ती म्हणायची. "पुरळ वाढलंय. ताक घ्या."

आणि मग खोकला कमी झाला. आधी मला पटेना. झोप मोडेनाशी झाली, जिना एका दमात चढायला लागलो. एक दिवस सौदा संपल्यावर गोदामात कुणी नाही असं बघून मी पाच हजारापासून वर भाव पुकारत गेलो, एका श्वासात, पूर्वीसारखा. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. मला इतका आनंद झाला की मी दारातल्या हमालाला मिठी मारली. तो हळदीनं माखलेला, मीही माखलो.

घरी सुकुमार बसला होता. तो आता या गोळीचा भक्त झाला होता. गावभर सांगत सुटला होता की ही गोळी आपणच शोधून काढली. "दाजी," तो म्हणाला, "खोकला गेला, वजन वाढलं. आता कापायचं कशाला? गोळी घेत राहा. चांगल्या माणसाच्या अंगाला सुरी लावायची म्हणजे काय!"

खरं सांगतो, मला ते पटलं. मला पटायचंच होतं. ऑपरेशनच्या नुसत्या विचारानं माझं पोट गोळीपेक्षा जास्त बिघडत होतं. मी आत गेलो. त्रिशला वाटाणे सोलत होती.

"मी बरा झालोय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचा खोकला थांबलाय."

पुन्हा स्कॅन झालं. गाठ आकसली होती, चांगलीच. डॉक्टर मणेर खूश होती, पण सर्जन हातचं राखून बोलत होते. मुळाशी चिकटलेला भाग खरंच सुटलाय की नुसता सुटल्यासारखा दिसतोय, हे आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. सुटला असेल तर खालचा भाग काढू, वरचा ठेवू. नसेल तर अख्खं. "भूल उतरल्यावरच तुम्हाला कळेल," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेताना तिघं दाराशी उभे होते. सुकुमार हसत होता. शीतल हसत होता. त्रिशला हसत नव्हती, तिचे ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालला असणार.

जाग आली तेव्हा छातीच्या डाव्या बाजूला कुणीतरी पाय देऊन उभं आहे असं वाटत होतं. तोंडावर मास्क, कुशीत नळ्या. हात हलेना. पहिला विचार आला तो एकच: अर्धं की अख्खं?

भेटायला एका वेळी एकालाच सोडत होते. आधी शीतल आला.

"अण्णा, सगळं मस्त झालं. खालचाच भाग काढला. वरचं राहिलंय, अण्णा, वरचं राहिलंय!"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. मला काहीच वाटलं नाही. याच आवाजात यानं मिरजेच्या बाकड्यावर मला दुकानाच्या फोनची थाप मारली होती. आता ऑपरेशन झालेल्या माणसाला, नळ्या लावलेल्या बापाला, पोरगं दुसरं काय सांगणार?

मग सुकुमार आला. "फर्स्ट क्लास, दाजी! अर्धं वाचलं. डॉक्टर म्हणाले, असं ऑपरेशन बघितलं नाही!" तेच हसणं. जुन्या डागाचं. त्याच्या हातात छत्री नव्हती एवढाच फरक.

तो गेला आणि माझी खात्री पटली. अख्खं गेलं. मी हळूच श्वास घेऊन बघितला. डावीकडं नुसती कळ. त्यात किती माझं आहे आणि किती नाही, काही समजेना. मी छताकडं बघत पडलो. सौद्याचं काम गेलं, हे मनात येऊन गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. त्रिशला येत नव्हती. मुलगा आला, मेहुणा आला, बायको येत नाही. म्हणजे तिला सांगितलं असणार, आणि तिला खोटं बोलवत नसणार, म्हणजे ती बाहेर कुठंतरी पुन्हा माळ घेऊन गप्प बसली असणार. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सला वाटलं दुखतंय, तिनं सलाइनमधून काहीतरी वाढवलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा त्रिशला शेजारी उभी होती. डोक्याला हॉस्पिटलची हिरवी टोपी, तोंडाला मास्क, फक्त डोळे दिसत होते. मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि वाट बघू लागलो. ती आता बोलली नाही तर मी काय करणार होतो, मला खरंच सांगता येत नाही.

"मॅडमची वाट बघत थांबले होते," ती म्हणाली. "सगळं नीट ऐकून घेतल्याशिवाय तुमच्यापुढं यायचं नव्हतं. ऐका आता. आत जायला एक बरगडी कापावी लागली. ती महिनाभर दुखणार, शिंकलात तरी दुखणार. रक्त बरंच गेलं, एक बाटली चढवलीय. मुळाजवळच्या आणखी दोन बारक्या गाठी काढल्या, त्यातल्या एकीत तसलं…" ती थांबली. "एकीत कॅन्सर अजून असावा असं त्यांना वाटतंय. रिपोर्ट आल्यावर नक्की कळंल. म्हणून गोळ्या सुटणार नाहीत, पुढची तीन वर्षं तरी. पुरळ आलं ते येतच राहणार. पोटाचं पण तसंच. आणि परत होणारच नाही असं कुणी लिहून देत नाही, मी विचारलं."

तिनं दम घेतला. मी मास्कमधून विचारायचा प्रयत्न केला, आवाज फुटेना.

"फुप्फुस?" तिनंच विचारलं. "वरचं राहिलं. खालचं काढलं. गोळीनं गाठ मुळापासून सुटली होती, मॅडम म्हणाल्या, म्हणून वरचं राहिलं. तुमचा आवाज पहिल्यासारखा येईल का, त्यांना माहीत नाही. पण वरचं आहे. मी दोनदा विचारलं."

माझा जीव भांड्यात पडला. एवढी वाईट बातमी आयुष्यात कधी ऐकली नव्हती आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता. मी हसायला गेलो आणि बरगडीनं अशी कळ मारली की ओरडलोच. त्रिशला म्हणाली, "सांगितलं नव्हतं, दुखणार म्हणून?" आणि माझा हात घट्ट धरला.

आरडाओरडा ऐकून शीतल नर्सची नजर चुकवून आत घुसला, त्याच्या खांद्यावरून सुकुमारचं डोकं. मी रडत होतो, हसत होतो, आणि मास्कमधून पुन्हा पुन्हा "वरचं राहिलं, वरचं राहिलं" म्हणत होतो.

"अहो अण्णा!" शीतल कळवळून म्हणाला. "मग आम्ही दोघं मघापासून काय सांगालोय तुम्हाला?"

"तुमचं ऐकलं होतं रे," मी म्हणालो. "कळलं आत्ता."